पाळीव प्राण्यांसाठी स्मार्ट उपकरणं: डिझाइनच्या विद्यार्थ्यांकडून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कुत्र्या-मांजरांसाठी स्वयंचलित फीडर, पाण्याचं भांडं, पट्ट्यावरचा ट्रॅकर किंवा लिटर बॉक्स (मांजराच्या शौचाची पेटी) हा सत्राचा प्रकल्प म्हणून निवडलेल्या गटांसाठी हे पान आहे. अडचणी बहुतेक गटांना सारख्याच येतात. त्यातल्या बऱ्याचशा पहिली सर्किट जोडण्याआधीच टाळता येतात.

सुरुवात सेन्सरपासून करावी की प्राण्यापासून?

प्राण्यापासून. या विषयात वापरणारा एक आणि विकत घेणारा दुसरा असतो. वापरणाऱ्याला सूचना वाचता येत नाहीत, तक्रार करता येत नाही आणि उपकरण आवडलं नाही तर तो फक्त त्याच्याजवळ जाणं बंद करतो. क्लारा मॅन्सिनी यांनी २०११ मध्ये ॲनिमल-कम्प्युटर इंटरॅक्शन या अभ्यासक्षेत्राची मांडणी केली, तेव्हा त्यांचाही आग्रह हाच होता: प्राण्याला वापरकर्ता आणि डिझाइनमधला सहभागी मानायचं.

पहिल्या आठवड्यात काही बनवू नका. एका घरातल्या एका प्राण्याचं तीन दिवसांचं चित्रीकरण करा, जेवणाच्या जागी, पाण्याजवळ आणि झोपायच्या जागी. तो किती वेळा येतो, वाटीजवळ कोणत्या बाजूने येतो, आधी वास घेतो का, पंजाने ढकलतो का, दुसरा प्राणी आला की मागे सरतो का, याची वेळेनुसार नोंद ठेवा. पुढचे निम्मे निर्णय याच नोंदीतून निघतात. वाटीची उंची, तोंड किती रुंद हवं, झाकण कोणत्या दिशेने उघडावं, हे सगळं त्यात दिसतं.

एका सत्रात काय पूर्ण होतं?

एक काम नीट करणारं एक उपकरण. कॅमेरा, फीडर, लेझर खेळणं आणि आरोग्याचा डॅशबोर्ड असं सगळं एकत्र घेणाऱ्या गटाचं शेवटी एकही काम विश्वासार्ह होत नाही. १४ ते १६ आठवड्यांपैकी शेवटचे चार चाचणी आणि दुरुस्तीसाठी राखून ठेवा. त्या काळात नवीन सुविधा जोडायची नाही, असं गटात आधीच ठरवा.

फीडरमध्ये दाणे अडकतात. काय करायचं?

फीडर बंद पडण्याचं हे सर्वात मोठं कारण आहे आणि त्याची मुळं तीन आहेत.

पहिलं म्हणजे फिरणारा भाग आणि नळीची भिंत यांतली फट. ती दाण्याच्या व्यासाच्या एक-तृतीयांशापेक्षा कमी ठेवा. फट दाण्याच्या निम्म्याएवढी असली की दाणा तिच्यात पाचरीसारखा बसतो आणि मोटार अडते. १० मिमीचा दाणा असेल तर २ ते ३ मिमी फट चालते, ५ मिमी अजिबात चालत नाही. पहिल्या प्रोटोटाइपसाठी, दाणे पुढे ढकलायला, आट्यांच्या स्क्रूपेक्षा मऊ सिलिकॉनच्या पात्यांचं चाक बरं. पातं वाकतं आणि दाणा मोकळा होतो. स्क्रूच घ्यायचा असेल तर दोन आट्यांमधलं अंतर दाण्याच्या किमान अडीचपट ठेवा.

दुसरं, साठवणीच्या डब्याचा उतार. कोरड्या खाद्यावर तेलाचा पातळ थर असतो. दमट हवेत दाणे एकमेकांना धरतात, तोंडावर त्यांची कमान तयार होते आणि वर डबा भरलेला असूनही खाली काहीच पडत नाही. भिंतींचा उतार आडव्या रेषेपासून ६० अंश किंवा जास्त ठेवा, आतला पृष्ठभाग गुळगुळीत ठेवा आणि फिरणाऱ्या दांड्याला वरच्या बाजूला दाणे ढवळणारं एक बोट जोडा. झाकणाला रबरी सील आणि ओलावा शोषणारी पुडी हवी. पुडी बंद कप्प्यात बसवा, ती खाद्यात पडता कामा नये.

तिसरं मूळ सॉफ्टवेअरमध्ये आहे. मोटार फिरली म्हणजे खाद्य पडलं, असं कोडमध्ये गृहीत धरलेलं असतं. मोटारीच्या वायरीवर आयएनए२१९ सारखा करंट सेन्सर लावा. करंट नेहमीच्या दुप्पट झाला की थांबा, अर्धा फेरा उलटा फिरवा, पुन्हा प्रयत्न करा. तीनदा अडकलं तर मोटार बंद करून माणसाला कळवा. आणि खाद्य पडलं की नाही हे वाटीच्या वजनावरूनच ठरवा.

एका वेळी किती खाद्य सोडायचं, हे कसं काढायचं?

विश्रांतीच्या अवस्थेत लागणाऱ्या ऊर्जेचं प्रचलित सूत्र असं: किलोमधल्या वजनाचा ०.७५ घात घ्या आणि त्याला ७० ने गुणा. ४ किलोच्या मांजरासाठी उत्तर येतं सुमारे १९८ किलोकॅलरी. नसबंदी झालेल्या प्रौढ मांजरासाठी त्याला साधारण १.२ ने गुणतात, म्हणजे दिवसाला २३८ च्या आसपास. खाद्यात ग्रॅममागे ३.६ किलोकॅलरी असतील तर दिवसाचे ६६ ग्रॅम, चार वेळांत विभागले तर दर वेळी १६ ते १७ ग्रॅम. कॅलरीचा आकडा पाकिटावरून घ्या, कारण खाद्यागणिक तो बदलतो. ही फक्त सुरुवातीची संख्या आहे. अंतिम प्रमाण त्या प्राण्याच्या पशुवैद्याने सांगितलेलं हवं.

आता यंत्राची अचूकता. ०.१ ग्रॅमपर्यंत मोजणाऱ्या काट्यावर ३० वेळा खाद्य सोडून प्रत्येक वजन लिहा: डबा पूर्ण भरलेला असताना १०, अर्धा असताना १० आणि संपत आलेला असताना १०. सरासरी बरोबर आली म्हणून समाधान मानू नका. सर्वात मोठी आणि सर्वात छोटी संख्या पाहा. १६ ग्रॅमच्या जागी कधी ९ आणि कधी २५ पडत असतील तर यंत्र तयार नाही. उपाय सोपा आहे: थोडं थोडं सोडा, प्रत्येक वेळी वजन पाहा आणि ठरलेल्या आकड्याच्या २ ग्रॅम आधी थांबा.

लोडसेलचा (वाटीखालच्या वजनाच्या सेन्सरचा) आकडा दिवसभर सरकत राहतो. बिघडला आहे का?

बहुधा नाही. लोडसेलवर सतत भार असला की धातू हळूहळू ताणला जातो, तापमान बदललं तरी आकडा हलतो. त्यामुळे दिवसभराचं एकूण वजन मोजण्याऐवजी फरक मोजा: खाद्य सोडण्याआधी, सोडल्यानंतर आणि प्राणी निघून गेल्यावर.

बसवण्यातल्या चुका मात्र खूप होतात. पट्टीसारख्या लोडसेलचं एक टोक घट्ट आणि दुसरं पूर्ण मोकळं हवं. मधल्या भागाखाली २ ते ३ मिमी जागा सोडा. वरची ताटली बाहेरच्या खोक्याला कुठेही घासता कामा नये. दाणे या फटीत जातात आणि वजन अडतं, म्हणून ताटलीची कड खाली वळवा. लोडसेल वाचणारा एचएक्स७११ हा चिप सेकंदाला १० किंवा ८० वाचनं देतो. इथे १० पुरतात आणि आकड्यांतली थरथरही कमी असते. प्राणी खाताना हनुवटी टेकवतो, पंजा ठेवतो. म्हणून सलग १० वाचनांतला फरक १ ग्रॅमपेक्षा कमी झाल्यावरच आकडा नोंदवा.

मोटार सुरू झाली की बोर्ड रिसेट होतो.

मोटार आणि बोर्ड एकाच कमकुवत पुरवठ्यावर आहेत. एसजी९० हा छोटा सर्व्हो (ठरलेल्या कोनात फिरणारी मोटार) सुद्धा अडकल्यावर अर्ध्या ॲम्पिअरहून जास्त खेचतो, एमजी९९६आर तर ६ व्होल्टला अडीच ॲम्पिअरपर्यंत जातो. तेवढ्यात व्होल्टेज पडतं आणि ईएसपी३२ (वायफाय असलेला नियंत्रक बोर्ड) स्वतःला पुन्हा सुरू करतो. मोटारीला वेगळा पुरवठा द्या, दोन्हींचा ग्राउंड जोडा, मोटारीजवळ १००० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर लावा. डीसी मोटार मॉस्फेटवर (इलेक्ट्रॉनिक स्विचवर) चालवत असाल तर तिच्या टोकांना उलटा डायोड विसरू नका.

याच बोर्डाची आणखी एक खोड: वायफाय सुरू असताना एडीसी२ गटाच्या (व्होल्टेजचा आकडा करणाऱ्या दुसऱ्या गटाच्या) पिनांवर ॲनालॉग वाचन होत नाही. सेन्सर ३२ ते ३९ क्रमांकाच्या पिनांवर जोडा.

प्राणी जवळ आला हे ओळखायला अल्ट्रासॉनिक सेन्सर चालेल का?

नको. एचसी-एसआर०४ हा नेहमीचा अल्ट्रासॉनिक सेन्सर ४० किलोहर्ट्झचा आवाज सोडतो. माणसाला तो ऐकू येत नाही, पण कुत्र्याची श्रवणशक्ती सुमारे ४५ किलोहर्ट्झपर्यंत जाते आणि मांजराची त्याच्याही बरीच पुढे. तुमच्या दृष्टीने शांत असलेलं उपकरण त्यांच्या कानाशी सतत टिकटिकत असतं. मांजर फीडरजवळ येऊन का परत जातं, हे न कळलेल्या गटांनी आधी हे तपासावं. त्याऐवजी व्हीएल५३एल०एक्स सारखा प्रकाशावर अंतर मोजणारा सेन्सर वापरा. तो २ मीटरपर्यंत चालतो. त्याच्या समोरची काच तेलकट झाली की चुकीचं अंतर दाखवतो, म्हणून ती पुसता येईल अशी ठेवा.

हाच नियम मोटारीलाही लागतो. पीडब्ल्यूएम (वेग कमी करायला वीज झपाट्याने चालू-बंद करणं) २० किलोहर्ट्झला नेलं की माणसाला कर्कश आवाज येणं बंद होतं, प्राण्याला नाही. गिअर असलेली संथ मोटार घ्या आणि ती पीडब्ल्यूएमशिवाय पूर्ण व्होल्टेजवर चालवा.

दिव्यांचंही तसंच. कुत्र्याला लाल आणि हिरव्यातला फरक जवळपास कळत नाही, निळा आणि पिवळा नीट कळतो. प्राण्यासाठी असलेली खूण या दोन रंगांत द्या.

घरात दोन मांजरं आहेत. एकाचं खाद्य दुसऱ्याने खाऊ नये म्हणून मायक्रोचिप वाचता येईल का?

येईल, पण योग्य रीडर हवा. पाळीव प्राण्यांची मायक्रोचिप आयएसओ ११७८४ आणि ११७८५ या मानकांनुसार १३४.२ किलोहर्ट्झवर चालते आणि १५ अंकी क्रमांक देते. प्रयोगशाळेत सहज मिळणारा आरसी५२२ हा १३.५६ मेगाहर्ट्झचा आहे आणि आरडीएम६३०० हा १२५ किलोहर्ट्झचा. दोन्ही ही चिप वाचू शकत नाहीत. या चिपची एफडीएक्स-बी ही पद्धत वाचणारं मॉड्यूल मागवा.

चिप बहुधा खांद्यांच्या मधोमध त्वचेखाली असते आणि वाचनाचं अंतर काही सेंटिमीटरच असतं. म्हणून अँटेना वाटीखाली लावून उपयोग नाही. वाटीसमोर छोटी कमान करा आणि अँटेना तिच्या वरच्या भागात बसवा, म्हणजे मांजराने डोकं आत घातलं की मान तिच्याखाली येते. स्टीलची वाटी अँटेनापासून दूर ठेवा, जवळचा धातू वाचनाचं अंतर घटवतो. दोन चिप एकाच वेळी क्षेत्रात आल्या तर दोन्ही वाचता येत नाहीत. अशा वेळी झाकण उघडायचं नाही, हे कोडमध्ये स्पष्ट लिहा.

झाकण बंद करण्याचा भाग सर्वात काळजीचा. मान बाहेर गेल्यावर ३ ते ५ सेकंद थांबा, मग सावकाश बंद करा. जोर इतका कमी ठेवा की कडेला बोट धरलं तर झाकण थांबून परत उघडलं पाहिजे. एकदा झाकणाचा फटका बसलेलं मांजर त्या यंत्राकडे पुन्हा सहजासहजी फिरकत नाही.

इंटरनेट किंवा वीज गेली तर?

फीडरने तरीही जेवण दिलंच पाहिजे. जुलै २०१६ मध्ये पेटनेट या कंपनीच्या फीडरमागचा सर्व्हर बंद पडला आणि काही ग्राहकांचे फीडर त्या काळात चालले नाहीत. हा धडा विद्यार्थ्यांच्या प्रकल्पालाही तंतोतंत लागू आहे. वेळापत्रक उपकरणाच्या स्वतःच्या मेमरीत ठेवा. वेळेसाठी डीएस३२३१ घड्याळ लावा, त्याची चूक वर्षाला जेमतेम एका मिनिटाची असते. त्याच्या स्वस्त मॉड्यूलवर सेल चार्ज करणारं सर्किट असतं, त्यात चार्ज न होणारा साधा सीआर२०३२ सेल बसवू नका. चार्ज होणारा सेल घ्या किंवा ते सर्किट तोडा.

ॲपकडून येणाऱ्या प्रत्येक आज्ञेला स्वतंत्र क्रमांक आणि मुदत द्या. नाहीतर इंटरनेट तीन तासांनी परत आलं की साचलेल्या पाच आज्ञा एकदम पाळल्या जातात आणि वाटी ओसंडते. दिवसाच्या एकूण खाद्याची कमाल मर्यादाही उपकरणातच हवी, ॲपमधून ती ओलांडता येऊ नये. विजेसाठी किमान दोन जेवणं पार पडतील एवढी राखीव बॅटरी पुरते.

पट्ट्यावरचं उपकरण किती जड चालेल?

मांजरासाठी पट्ट्यासकट सगळं मिळून शरीराच्या वजनाच्या २ टक्क्यांच्या आत. ४ किलोच्या मांजराला ही मर्यादा ८० ग्रॅम आहे. तुम्ही ३० ग्रॅमचं लक्ष्य ठेवा. मांजराच्या पट्ट्याला ओढ बसली की आपोआप सुटणारं बक्कल हवंच, नाहीतर फांदीला किंवा जाळीला अडकून फास बसतो. पट्ट्याखाली दोन बोटं सहज जावीत. दर दोन-तीन दिवसांनी खालची त्वचा पाहा.

बॅटरीबद्दल तडजोड नाही. बटण सेल असलेलं काहीही प्राण्याच्या तोंडाला लागेल असं ठेवू नका. गिळलेला लिथियम सेल काही तासांत अन्ननलिका भाजतो. लिपो (लिथियम पॉलिमर) सेल संरक्षक सर्किटसह घ्या आणि स्क्रूने बंद होणाऱ्या, दातांनी न फुटणाऱ्या कवचात ठेवा. टीपी४०५६ चार्जर जसा येतो तसा १ ॲम्पिअरने चार्ज करतो, ३०० एमएएचच्या सेलला ते फार आहे. त्यावरचा १.२ किलोओहमचा रेझिस्टर काढून १० किलोओहमचा लावा, करंट सुमारे १२० मिलिॲम्पिअरवर येतो.

मायक्रोचिपमध्ये जीपीएस असतं ना?

नसतं. तिला बॅटरीच नसते, रीडर जवळ आला तरच ती क्रमांक सांगते. जीपीएसचा रिसीव्हरसुद्धा फक्त स्थान काढतो, ते तुमच्यापर्यंत पोचवायला मोबाइल नेटवर्क किंवा लोरासारखा लांब पल्ल्याचा वेगळा रेडिओ लागतो. घरात तो जवळपास निरुपयोगी आहे. बॅटरी वाचवण्यासाठी प्राणी घराच्या वायफायच्या कक्षेत असताना जीपीएस पूर्ण बंद ठेवा.

आमचं हालचाल ओळखणारं मॉडेल प्रयोगशाळेत जवळजवळ अचूक, नव्या कुत्र्यावर मात्र फसतं. का?

कारण प्रशिक्षण आणि चाचणी दोन्हींत तेच कुत्रे आहेत. ॲक्सेलरोमीटरच्या (पट्ट्यावरच्या हालचाल मोजणाऱ्या सेन्सरच्या) नोंदी दोन-तीन सेकंदांच्या तुकड्यांत कापून, तुकडे पिसून विभागले की एकाच चालीचे शेजारचे तुकडे दोन्हीकडे जातात. मॉडेल त्या कुत्र्याला ओळखायला शिकतं, कृती ओळखायला नाही. विभागणी प्राण्यानुसार करा: एक पूर्ण कुत्रा बाजूला ठेवा, बाकीच्यांवर शिकवा, त्याच्यावर तपासा, मग पाळीपाळीने प्रत्येकासाठी हेच करा. आकडा खाली येईल. अहवालात तोच लिहा.

पट्टा मानेभोवती फिरतो हेही कारण असतं. उपकरण खालच्या बाजूला जड ठेवलं तर ते गळ्याखाली स्थिर राहतं. तिन्ही अक्षांऐवजी त्यांचं एकत्रित परिमाण घेतलं तर दिशेचा प्रश्न कमी होतो. सेकंदाला ५० नोंदी पुरतात, पण मोजण्याची कक्षा ±२ जी (गुरुत्वाकर्षणाच्या दुप्पट) ठेवू नका. कुत्रा अंग झाडतो तेव्हा आलेख वरखाली कापला जातो. ±८ जी घ्या.

तब्येतीवर लक्ष ठेवता येईल का?

काही गोष्टींवर, आणि त्या बहुधा पट्ट्यावर नसतात. कुत्र्या-मांजरांचं शरीराचं तापमान साधारण ३८ ते ३९.२ अंश सेल्सिअस असतं, पण पट्ट्यावरचा सेन्सर केसांचं आणि हवेचं तापमान सांगतो. बोटासाठी बनवलेला मॅक्स३०१०२ हा नाडीचा सेन्सर केसांवरून वाचत नाही, आणि त्यासाठी प्राण्याचे केस काढणं योग्य नाही.

उपयोगी मोजमापं साधी आहेत: आठवड्यागणिक वजन, रोज प्यायलेलं पाणी, लिटर बॉक्सच्या फेऱ्या, झोपेतला श्वास. झोपलेल्या निरोगी कुत्र्या-मांजराचा श्वास सहसा मिनिटाला ३० च्या आत असतो. बोका वारंवार लिटर बॉक्समध्ये जातोय आणि आतल्या वजनात भर पडत नाही, हे मूत्रमार्ग अडल्याचं लक्षण असू शकतं आणि ती तातडीची, जिवावरची वेळ असते. अशा वेळी ॲपने आजाराचं नाव सांगू नये. काय दिसलं ते सांगावं आणि लगेच पशुवैद्याशी बोला म्हणावं.

स्वतः साफ होणारा लिटर बॉक्स करणार असाल तर एकच अट: आत वजन असताना किंवा वजनाचा सेन्सर उत्तर देत नसताना मोटार विद्युतदृष्ट्याच तोडलेली हवी. हे काम फक्त कोडवर सोपवू नका.

वाटी थ्रीडी प्रिंट करू का?

नको. प्रिंटच्या थरांमधल्या खाचांत तेल आणि ओल राहते आणि जंतू वाढतात. पीएलए हे प्रिंटचं नेहमीचं प्लास्टिक सुमारे ६० अंशांना मऊ पडतं, त्यामुळे कडक गरम पाण्याने धुताही येत नाही. स्टीलची तयार वाटी घ्या, तिचा धारक प्रिंट करा. डबाही खाद्यासाठी बनवलेलाच घ्या. अन्नाला लागणारा प्रत्येक भाग अवजारांशिवाय निघाला पाहिजे, नाहीतर घरातले लोक तो धुणार नाहीत. खोक्यात घरगुती व्होल्टेज आणू नका, ५ किंवा १२ व्होल्टचा ॲडॅप्टर बाहेर ठेवा आणि वायर चावता येणार नाही अशा नळीतून न्या.

पाण्याच्या कारंज्यात काय बिघडतं?

पंप कोरडा चालून जळतो. पाण्याची पातळी ठरावीक खुणेखाली गेली की तो बंद करा, तरीही वाटीत पिण्यापुरतं पाणी उरेल अशी रचना ठेवा. पंप आणि नळी आठवड्यातून एकदा उघडून घासावी लागते, कारण आत बुळबुळीत थर जमतो.

प्राण्यांवर चाचणी कशी करायची?

विद्यापीठाच्या नैतिकता समितीची मान्यता आणि मालकाची लेखी संमती आधी. मग टप्प्याटप्प्याने: दोन-तीन दिवस बंद उपकरण जुन्या वाटीशेजारी नुसतं ठेवा. मग हाताने त्यात खाद्य घाला. नंतर प्राणी दूर असताना मोटारीचा आवाज ऐकवा, शेवटी तो जवळ असताना. एका टप्प्यावर तो सहज असेल तरच पुढे जा. जुनी वाटी संपूर्ण काळ जागेवर राहते. चाचणीसाठी प्राण्याला उपाशी ठेवायचं नाही.

कान मागे दाबणं, शेपूट पोटाखाली, वारंवार ओठ चाटणं, अवेळी जांभया, डोळ्यांचा पांढरा भाग दिसणं, मांजराचं अंग आक्रसून स्थिर बसणं, यांतलं काही दिसलं की ती चाचणी तिथेच थांबते. थांबवण्याचा अधिकार कोणाचा, हे नाव घालून लिहून ठेवा. कॅमेरा वापरत असाल तर घरातल्या माणसांचीही संमती लागते.

प्रकल्प संपल्यावर उपकरण त्या घरात राहू द्यायचं का?

देखभाल करणारं कोणी नसेल तर परत आणा. सर्व्हरचं खातं बंद होतं, दाण्याचा आकार बदलतो, सील झिजतं आणि विचारायला कोणी उरत नाही. काढून घेताना मात्र एकदम नेऊ नका. आठवडाभर रोज एकेक जेवण जुन्या वाटीकडे वळवा, नोंदींची प्रत मालकाला द्या आणि त्या काळातल्या वजनाचा तक्ता पशुवैद्याला दाखवता येईल अशा रूपात छापून द्या.